नव्याने उघडलेल्या इटालियन रेस्टॉरंटची दुपारच्या जेवणात पारख कशी करावी?

निळीशाई
आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर गेल्या महिन्यात एक इटालियन रेस्टॉरंट सुरू झाले आहे. काचेतून जेवढे दिसते त्यावरून आत लाकडावर पेटणारी घुमटाकार भट्टी आहे, फार तर ३० माणसे बसतील एवढीच जागा आहे आणि दुपारच्या जेवणाचे एका पानाचे वेगळे मेनूकार्ड दारावर लावलेले आहे. त्यात चार पास्ते, तीन पिझ्झे, एक रिझोटो (मऊसर इटालियन भात), एक न्योकी आणि दोन गोड पदार्थ आहेत. संध्याकाळचे कार्ड याच्या तिप्पट आहे.

आम्ही चौघे जाणार आहोत: मी, नवरा, १२ वर्षांचा मुलगा आणि माझी ७८ वर्षांची मावशी. मावशीला दोनच महिन्यांपूर्वी कवळी बसवली आहे आणि ती श्रवणयंत्र वापरते. रात्रीच्या गर्दीत तिला शेजारच्याचे बोलणेही नीट कळत नाही, त्यामुळे आमच्यासाठी बाहेरचे जेवण म्हणजे दुपारचेच. माझे विचारणे असे की, इतक्या नव्या ठिकाणी लगेच जावे की थोडे थांबावे, आणि गेल्यावर काय मागवले असता एकाच जेवणात स्वयंपाकघराची खरी पारख होते? आवडीचे पदार्थ सुचवू नयेत, ते आम्हाला ठाऊक आहेत.

वाटसरू
थांबावे, असे माझे मत आहे. नव्या स्वयंपाकघराची घडी बसायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यात भट्टी अंगवळणी पडलेली नसते, वेटरांना टेबलांचे क्रमांक पाठ नसतात, आणि भाजी-चीज पुरवणारे दोनदा तरी बदलतात. वृत्तपत्रांत रेस्टॉरंटांची परीक्षणे लिहिणारे अनेक जाणकार उद्घाटनानंतर काही आठवडे मुद्दाम जात नाहीत, आणि एकापेक्षा अधिक वेळा जेवल्याशिवाय लिहीत नाहीत. ज्यांचा हा व्यवसायच आहे ते एका जेवणावर निकाल देत नाहीत, तर आपण तरी का द्यावा?

तिखटजाळ
वाटसरू यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. परीक्षण लिहिणाऱ्याच्या शब्दावर दुसऱ्याचा धंदा उभा राहतो किंवा बसतो, म्हणून त्याने थांबणे योग्य आहे. आपण गिऱ्हाईक आहोत. पहिल्या महिन्यात ते पैसे अर्धे घेत नाहीत, मग जेवण तरी अर्धे शिजलेले का चालवून घ्यावे? घडी बसली नसेल तर दारे उघडायची नव्हती. खुशाल जा आणि जे दिसेल ते येथे लिहा.

पेटतीचूल
मी स्वतः सहा वर्षे एका इटालियन स्वयंपाकघरात काम केले आहे, आधी पास्त्याच्या चुलीवर आणि नंतर भट्टीवर. त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

लवकर की उशिरा यापेक्षा दुपार की रात्र हा फरक मोठा आहे, आणि याकडे गिऱ्हाइकांचे लक्ष जात नाही. दुपारी स्वयंपाकघरात माणसे कमी असतात, मुख्य आचारी बहुधा संध्याकाळच्या तयारीत गुंतलेला असतो, आणि जेवणाऱ्याला कामावर परतायची घाई असते. म्हणून दुपारचे कार्ड आखूड ठेवतात, आणि ते आखूड आहे हे मला शुभलक्षण वाटते. इटलीतही दुपारी नोकरदारांसाठी ठरावीक जेवण असते: एक पास्ता किंवा भात, एक मांसाचा किंवा माशाचा पदार्थ, बाजूला भाजी, पाणी आणि शेवटी कॉफी. तेथे निवड मुद्दामच थोडी ठेवलेली असते.

भट्टीचे मात्र उलटे आहे. लाकडाची भट्टी तापायला काही तास लागतात, आणि नुसती हवा तापून भागत नाही, तळाची फरशी आतपर्यंत तापावी लागते. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा सुमारे ४३० ते ४८० अंश सेल्सियसला ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. फरशी तापलेली नसेल तर ज्वाळेमुळे वरची कड डागाळते आणि तळ पांढराच राहतो. इटलीतल्या अनेक गावांत पिझ्झेरिया संध्याकाळीच उघडतात, त्याचे एक कारण हेच. तेव्हा दुपारी १२ च्या ठोक्याला पिझ्झा मागवू नये. भट्टी किती वाजता पेटवली, हे वेटरला विचारले तर त्यात अपमान काही नाही.

पारखच करायची असेल तर ज्यात लपायला जागा नाही असा पदार्थ मागवा. टोमॅटोची साधी स्पॅगेटी घ्या. टोमॅटो, लसूण, तेल, तुळशीच्या जातीची बेझिलची पाने, संपले. ताटली रिकामी झाल्यावर तळाशी पाणी आणि तेल वेगवेगळे उरले, तर पास्ता सॉसमध्ये परतलेलाच नाही, सॉस वरून ओतलेला आहे. सॉस प्रत्येक दोऱ्याला पातळ लेपासारखा चिकटलेला असेल आणि ताटली जवळजवळ कोरडी राहिली, तर आत कोणीतरी जाणता माणूस उभा आहे असे समजा.

मीठभर
पेटतीचूल यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. माझ्याकडून एवढीच भर की, सॉसच्या आधी एक दोरा उचलून नुसता खाऊन पाहावा. इटालियन घरांत १ लिटर पाणी, १० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम पास्ता असे साधे प्रमाण सांगतात. पास्त्याच्या पाण्यात मीठ पडले नसेल तर पास्ता आतून फिकाच राहतो, आणि मग वरच्या सॉसमध्ये कितीही मीठ घातले तरी ते जिभेला वेगळे कळते.

उंबरठा
येथे सगळ्यांनी पारखीच्या नादात मावशींना विसरून कसे चालेल? इटालियन लोक पास्ता ‘अल देंते’ मागतात, म्हणजे शब्दशः ‘दाताला’ लागेल असा. आता दातच पेल्यात काढून ठेवायचे असतील, तर पारख कोणी करायची?

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, माझ्या वडिलांची कवळी नवी असताना आम्ही हाच घोळ घातला होता. पिझ्झ्याची फुगलेली कड वातड लागते आणि कवळी उचलली जाते. कार्डावर न्योकी आहे असे तुम्ही लिहिले आहे, तर ती मावशींसाठी उत्तम. उकडलेल्या बटाट्याच्या गरात जेमतेम पीठ घालून केलेले ते छोटे गोळे असतात, आणि चांगले जमले तर जिभेने टाळूवर दाबताच विरघळतात. योगायोगाने पारखीसाठीही तो पदार्थ चोख आहे, कारण पीठ जास्त पडले की तेच गोळे रबरासारखे होतात.

निळीशाई
उंबरठा, मावशीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. पेल्याचा उल्लेख तिला अजिबात लागला नाही, उलट “हा मुलगा कोण आहे?” असे तिने विचारले आहे. न्योकी नक्की.

उंबरठा
माझे वय ५४ आहे हे कृपया मावशींना सांगू नये.

कानोसा
एक व्यावहारिक सूचना. माझे स्वतःचे श्रवणयंत्र आहे. बहुतेक आधुनिक यंत्रे समोरचा आवाज ठळक करतात आणि मागचा दाबतात, म्हणून गोंगाटाकडे पाठ आणि आपल्या माणसांकडे तोंड करून बसावे. उघडे स्वयंपाकघर, फरशी, काच आणि गादीशिवायच्या खुर्च्या असल्या की आवाज घुमतो. टेबल राखून ठेवतानाच भट्टीपासून दूरचे आणि भिंतीच्या कोपऱ्यातले मागावे.

वाटसरू
मूळ मुद्द्यावर येतो. थांबणार नसाल तर निदान कार्बोनारा पास्ता मागवून पाहा. त्यात क्रीम आली, तर उठून या. अंड्याचा बलक, पेकोरिनो रोमानो चीज, काळी मिरी आणि ग्वांचाले, म्हणजे मुरवलेले डुकराच्या गालाचे मांस, बस्स. क्रीम ही निव्वळ पळवाट आहे.

तिखटजाळ
गंमत आहे. महिन्याभराच्या रेस्टॉरंटला सवलत द्यायची म्हणणारे वाटसरू क्रीमच्या एका चमच्यासाठी उठून जायला सांगत आहेत!

कार्बोनाराचे नाव छापील स्वरूपात दिसू लागते ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि सुरुवातीच्या काही दशकांत खुद्द इटलीतही क्रीम घातलेल्या पाककृती छापून आलेल्या आहेत. आज रोममध्ये क्रीम चालत नाही हे खरे, पण म्हणून ती अनादी काळापासूनची धर्माज्ञा ठरत नाही. पदार्थ चांगला लागतो की नाही, हे आधी पाहावे.

पेटतीचूल
दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. गर्दीच्या वेळी क्रीम घालण्यामागे चवीपेक्षा भीती जास्त असते, कारण क्रीम असली की अंडे फुटत नाही. क्रीम नसताना तवा विस्तवावरून उतरवून अंड्याचे मिश्रण घालावे लागते आणि अर्ध्या मिनिटाची चूक झाली की त्याची भुर्जी होते. म्हणजे क्रीम दिसली तर रेस्टॉरंट खोटे आहे असे नव्हे; आचाऱ्याला स्वतःच्या हातावर पुरता भरवसा नाही, एवढेच समजावे.

शेवटचाघास
पारखीचा विषय निघालाच आहे तर फूटपट्टी घेऊन जा. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ साली ताल्यातेले या चपट्या पट्टीसारख्या पास्त्याची अधिकृत रुंदी नोंदवलेली आहे: शिजल्यावर ८ मिलिमीटर. नमुना म्हणून सोन्याची एक पट्टीही तेथे ठेवलेली आहे. पुढे १९८२ साली रागू, म्हणजे आपण ज्याला बोलोनेझ सॉस म्हणतो त्याची पाककृतीही तेथेच नोंदवली गेली. बोलोन्यात हा सॉस ताल्यातेलेवरच घेतात, स्पॅगेटीवर नाही, कारण खिम्याचे कण रुंद पट्टीवर टिकतात आणि गोल दोऱ्यावरून घरंगळतात. दुपारच्या कार्डावर ‘स्पॅगेटी बोलोनेझ’ आहे की ‘ताल्यातेले रागू’, एवढे वाचूनही आतल्या माणसाबद्दल बरेच कळते.

निळीशाई
कार्डावर ‘ताल्यातेले अल रागू’ असेच आहे. मुलगा फूटपट्टी कंपासपेटीत टाकून तयार आहे, त्याला आवरणे आता कठीण.

पाणपोई
शुद्ध शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवते. पार्मिजानो रेजानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध साकळवणाऱ्या अर्कानेच विरजतात, तसा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे रेनेट वापरतात. म्हणजे मांस नसलेला पास्ताही काटेकोर अर्थाने शाकाहारी असेलच असे नाही. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचे रेनेट वापरलेली तशाच चवीची चीजे मिळतात, फक्त त्यांना पार्मिजानो म्हणता येत नाही. हा प्रश्न विचारल्यावर वेटर आत जाऊन चिजाचे वेष्टन वाचून आला, तर ते ठिकाण मला आवडते. “सगळे व्हेजच आहे” असे जागच्या जागी म्हणाला, तर माझा विश्वास उडतो.

मावशींसाठी आणखी एक. तिरामिसू या कॉफीच्या गोड पदार्थात पारंपरिक पद्धतीने कच्ची अंडी असतात. वयस्कर माणसांसाठी पाश्चराइझ केलेली अंडी वापरली आहेत का, एवढे विचारून घ्यावे.

मीठभर
पाणपोई, ही माहिती मला नवी आहे. इतकी वर्षे मी बिनधास्त खात आलो. आता कळल्यावर काय करावे, हा वेगळा धागा होईल.

निळीशाई
मंडळी, जाऊन आलो. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही एवढा वेळ दिलात.

पहिली चूक माझीच झाली. पेटतीचूल यांनी बजावूनही मावशीच्या औषधांच्या वेळेमुळे आम्ही १२ वाजून १० मिनिटांनी टेबलावर होतो. भट्टी पेटलेली होती, पण लाकडे नुकतीच लावल्यासारखी दिसत होती. आमच्याखेरीज फक्त एक टेबल भरलेले होते. कोपऱ्यातली जागा मिळाली आणि कानोसा यांच्या सूचनेप्रमाणे मावशीला स्वयंपाकघराकडे पाठ करून बसवले.

आम्ही टोमॅटोची स्पॅगेटी, काचो ए पेपे (चीज आणि मिरीचा पास्ता), न्योकी आणि एक मार्गरीटा पिझ्झा मागवला, आणि चारही पदार्थ मध्ये ठेवून वाटून खाल्ले. टोमॅटोची स्पॅगेटी खरोखर उत्तम होती. सॉस दोऱ्यांना धरून होता, वर तेलाची किंचित चकाकी होती, आणि संपल्यावर ताटलीत केशरी रंगाचे दोन-तीन ओघळ तेवढे उरले. तेही मुलाने पावाच्या तुकड्याने पुसून घेतले. एक दोरा नुसता खाऊन पाहिला. मीठ आतपर्यंत होते.

काचो ए पेपे फसली होती. मिरी ताजी भरडलेली होती, वास सुरेख होता, पण चिजाच्या गुठळ्या झाल्या होत्या. काटा उचलला की त्याला पांढरा चिवट गोळा लोंबत होता आणि खाली पास्ता पाणचट राहिला होता. नवऱ्याने निमूटपणे संपवली, तो काहीही संपवतो.

पिझ्झ्याचे तर पेटतीचूल यांनी लिहिले होते तेच झाले. कडेवर काळे ठिपके झकास, पण तुकडा उलटून पाहिला तर तळ गव्हाच्या कच्च्या पिठासारखा पांढरा. मधोमध पाण्याचे छोटे तळे साचले होते आणि त्यात बेझिलचे पान तरंगत होते.

मावशीने न्योकीचा पहिला गोळा तोंडात घातला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. कवळीचे काही झाले की काय, अशी मला धास्ती वाटली. मग ती म्हणाली, “हे दातांना न सांगता खायचे आहे.” लोणी आणि सेज या सुगंधी वनस्पतीची तळलेली पाने, एवढेच त्यात होते. तिने आम्हाला त्यातले दुसऱ्यांदा घेऊ दिले नाही.

पुढचा प्रसंग मात्र माझ्या मनात नव्हता. वेटरने ताटल्या उचलताना “सगळे ठीक होते ना?” असे विचारले आणि मी सवयीने “हो, छान होते” असे म्हणून गेले. मावशीला स्वतःच्या आवाजाचा अंदाज येत नाही. ती पूर्ण दालनाला ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाली, “अगं, छान काय? पिझ्झ्यात पाणी साचलंय ते दाखव की त्यांना!” दुसऱ्या टेबलावरचे दोघे आपापल्या पिझ्झ्याकडे वाकून पाहू लागले.

दोन मिनिटांत आचारी स्वतः बाहेर आला. त्याने तुकडा उलटून पाहिला आणि कोणतीही सबब न सांगता म्हणाला, “भट्टी आज उशिरा पेटवली. तुम्हाला थांबायला वेळ असेल तर एक वाजता दुसरा भाजून देतो.” आम्ही थांबलो. दुसरा पिझ्झा एक वाजून दहा मिनिटांनी आला, आणि तो पहिल्याचा भाऊही शोभला नसता. तळाला बिबट्याच्या कातड्यासारखे ठिपके होते, मधला भाग मऊ होता पण ओला नव्हता. बिलात एकच पिझ्झा लावला होता.

तिखटजाळ
मावशींना माझा साष्टांग नमस्कार सांगा. या संपूर्ण धाग्यात पारख करण्याची खरी पद्धत एकट्या त्यांनाच ठाऊक होती. तुमचे “छान होते” आचाऱ्यापर्यंत पोचले असते तर उद्याही भट्टी उशिराच पेटली असती.

पेटतीचूल
वृत्तान्त वाचून फार बरे वाटले. दोन्ही चुकांमागचे कारण एकच आहे, ते म्हणजे घड्याळ.

काचो ए पेपेत सॉस म्हणून वेगळे काही नसतेच. पेकोरिनो, मिरी आणि पास्ता शिजवलेले पाणी. त्या पाण्यात उतरलेला स्टार्च चिजातल्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. स्टार्च कमी पडला आणि उष्णता जास्त झाली की गुठळ्या ठरलेल्याच. आता रेस्टॉरंटमध्ये पास्त्याचे पाणी दिवसभर तेच उकळत असते, त्यामुळे १२ वाजता ते नळाच्या पाण्याइतके स्वच्छ असते आणि दीड-दोनपर्यंत वीसेक ताटल्यांचा पास्ता शिजून पेजेसारखे गढूळ होते. म्हणून मी दुपारच्या सुरुवातीला हा पदार्थ करताना चिमूटभर स्टार्च थंड पाण्यात कालवून वेगळा ठेवत असे. यात कमीपणा काही नाही. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी याच गुठळ्यांचा अभ्यास करून चिजाच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च लागतो असे दाखवले, आणि त्या कामाला २०२५ साली भौतिकशास्त्राचे इग-नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक मिळाले. आम्ही तेच शिव्या खाऊन शिकलो.

पिझ्झ्यातल्या पाण्याला भट्टीबरोबर मोझरेला चीजही जबाबदार असावे. ताजे मोझरेला पाण्यात साठवतात. कापून काही तास चाळणीत निथळत ठेवले नाही, तर ते सगळे पाणी पिझ्झ्यावरच सोडते. भट्टी पुरेशी गरम असेल तर त्यातले बरेचसे उडून जाते, म्हणून एक वाजताच्या पिझ्झ्यात ते दिसले नाही. युनेस्कोने २०१७ साली अमूर्त वारशाच्या यादीत नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला घेतली, नुसता पिझ्झा घेतला नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. पिठाचा तोच गोळा, तेच चीज आणि तीच भट्टी असताना तासाभरात केवढा फरक पडतो, हे तुम्ही पाहिलेच.

वाटसरू
म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरले. महिनाभर थांबला असतात तर भट्टी वेळेवर पेटली असती.

तिखटजाळ
महिनाभर थांबायची गरजच नव्हती. तासभर थांबले असते तरी भागले असते.

शेवटचाघास
हे वाक्य मी जपून ठेवणार आहे.

निळीशाई, बिलात पावाचे किंवा टेबलाचे वेगळे पैसे लावले होते का? इटलीत बऱ्याच ठिकाणी माणशी ‘कोपेर्तो’ नावाची छोटी रक्कम घेतात आणि ती मेनूकार्डावर लिहिलेली असते. दुसरीकडे हीच प्रथा न सांगता राबवली की मला राग येतो. आणि फूटपट्टीचे काय झाले?

निळीशाई
पावाचे पैसे लावले होते, पण कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसे लिहिलेले होते आणि ते मी वाचले नव्हते, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. अक्षर थोडे मोठे हवे होते, एवढे म्हणते. ताल्यातेले आम्ही मागवलेच नाही, पण शेजारच्या टेबलावर आले तेव्हा मुलगा फूटपट्टी घेऊन उठला होता. त्याला वेळीच खाली बसवले.

पाणपोई, तुमचे दोन्ही प्रश्न विचारले. वेटर आत जाऊन खरोखर वेष्टन घेऊनच बाहेर आला. पार्मिजानोच होते, म्हणजे शुद्ध शाकाहारींसाठी नाही. तिरामिसूतली अंडी पाश्चराइझ केलेली आहेत असे त्याने सांगितले. तिरामिसू बरे होते, कॉफी थोडी कमी वाटली.

पाणपोई
वेष्टन बाहेर आणून दाखवले? मग मी जाणार.

मीठभर
रिझोटो कोणीच का मागवला नाही? पारखीच्या दृष्टीने तोच राहिला.

पेटतीचूल
दुपारच्या रिझोटोबद्दल एक गुपित सांगतो. कच्च्या तांदळापासून रिझोटोला सुमारे १८ मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ एक माणूस पातेल्यापाशी अडकून पडतो. म्हणून बहुतेक ठिकाणी तांदूळ सकाळीच अर्धा शिजवून ताटात पसरून गार करतात, आणि मागणी आली की सहा-सात मिनिटांत पुरा करतात. नीट केले तर तेही वाईट लागत नाही, पण रसरशीतपणा थोडा कमी होतो. चांगला रिझोटो ताटली हलवली की लाटेसारखा सरकला पाहिजे. ढिगासारखा उभा राहिला तर तो वाट पाहून थकलेला आहे. सात मिनिटांत आला की काय ते समजून घ्या. “अठरा मिनिटे लागतील, चालेल का?” असे आधीच विचारणारे ठिकाण सापडले, तर ते सोडू नका.

कानोसा
बसण्याच्या जागेचा मावशींना उपयोग झाला का?

निळीशाई
झाला. नवऱ्याने दबक्या आवाजात केलेली बिलाची चर्चाही तिने ऐकली आणि मध्येच त्याला बेरीज दुरुस्त करून दिली.

पेटतीचूल यांचा रिझोटोवरचा प्रतिसाद वाचून मी आज तेथे फोन केला. गुरुवारी दीड वाजता टेबल मिळाले आहे, औषधांची वेळ डॉक्टरांना विचारून अर्धा तास पुढे घेतली आहे. रिझोटो कच्च्या तांदळापासून करून द्याल का, असे विचारले तर पलीकडचा माणूस म्हणाला, “करतो, पण वीस मिनिटे बसावे लागेल, आणि पाणी साचल्याचे सांगणाऱ्या आजी येणार आहेत का?” मी हो म्हटले. मावशी विणकामाची पिशवी बरोबर घेणार आहे.